उंटावर लादता येईल असा धर्म

अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी सहाव्या शतकात लाल समुद्रावरच्या अदुलिस बंदरात जाऊन आला होता. त्याने लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’ गावी ख्रिस्ती लोक राहतात आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमून येतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे गाव म्हणजे खाडीकाठचं आपलं कल्याण. त्याच लिखाणात सोकोत्रा बेटाचीही नोंद आहे. तिथले लोक ग्रीक बोलतात, ख्रिस्ती आहेत आणि त्यांचेही पाद्री पर्शियातून येतात.

आता नकाशा समोर धरा. सोकोत्रा हे ग्वार्दाफुईपासून, म्हणजे सोमालियाच्या ईशान्येकडच्या टोकापासून, जेमतेम अडीचशे किलोमीटरवर. वायव्येला अक्सुमचं राज्य, म्हणजे आजच्या उत्तर इथिओपियाचा भाग, जिथे चौथ्या शतकापासून नाण्यांवर क्रूस होता. एडनच्या आखाताच्या पलीकडे येमेन. तिथल्या, आज सौदी अरेबियात असलेल्या, नजरानच्या ख्रिस्ती लोकांची ५२३ मध्ये कत्तल झाली, तेव्हा अक्सुमचा राजा कालेब दोनेक वर्षांत फौज घेऊन समुद्र ओलांडून गेला. सोमाली किनारा या सगळ्याच्या मधोमध. इथली जहाजं तिकडे जात होती, तिकडची इथे येत होती. मग हे सोमाली लोकच ख्रिस्ती कसे झाले नाहीत, आणि झाले असते तर पुढे काय घडलं असतं, हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे.

पण हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो असा पडलेला नव्हता. पुण्यात कोंढव्याला एक सोमाली विद्यार्थी आमच्या ओळखीचा होता. एका घरगुती बैठकीत एका वयस्कर, मनाने चांगल्या गृहस्थांनी त्याला विचारलं, “तुमचे लोक त्या काळी ख्रिस्ती झाले असते तर आज तुमच्यावर ही वेळ आली नसती, नाही का?” ‘ही वेळ’ म्हणजे चाचेगिरी, दुष्काळ, अल-शबाब ही दहशतवादी संघटना. आपल्याकडे सोमालियाची बातमी येते ती एवढ्यापुरतीच. २०२४ च्या मार्चमध्ये नौदलाने पस्तीस चाच्यांना पकडून मुंबईत आणलं, तेव्हाही आलीच होती. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माझ्या मामाच्या झाडांचा डिंक चर्चमध्येच जळतो.”

त्याचं हे वाक्य मला नीट कळायला बरेच दिवस लागले. तो उत्तरेकडच्या सानाग भागातला. तिथल्या कड्यांवर मैदीची, म्हणजे लोबानाची, झाडं उघड्या खडकाला बुंध्याने चिकटून उभी असतात, पायाखाली माती नसतेच म्हटलं तरी चालेल. सालीवर चरे पाडायचे, पाझरलेला चीक वाळू द्यायचा, मग खरवडून काढायचा. त्याने मला दाखवलेला खडा फिकट पिवळा होता, अंगठ्याएवढा, दाताखाली धरला की हळूहळू मऊ पडणारा. कोणती झाडं कोणाची हे घराण्यांत पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. जगाच्या बाजारात या मालाला ‘कॉप्टिक’ लोबान असंही म्हणतात, कारण इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती चर्चशी त्याचं नाव जोडलं गेलंय. म्हणजे ज्यांनी क्रूस घेतला नाही, त्यांच्या कड्यांवरचा धूर मात्र वेदीपर्यंत पोचला. जवळीक होती, व्यवहार होता, ओळख होती. धर्म तेवढा आला नाही. का आला नाही, हे न विचारता ‘आला असता तर’ असं बोलणं मला पटत नाही.

आपण मराठी माणसं ‘पानिपत जिंकलं असतं तर’ या प्रश्नावर वाढलेली आहोत. त्यात आपण नेहमी एकच खुंटी हलवतो आणि बाकीचा मांडव आपल्याला हवा तसा उभा राहील असं धरून चालतो. सोमालींच्या बाबतीतही तेच होतं. एक पक्ष म्हणतो, ते ख्रिस्ती झाले असते तर इथिओपियासारखं जुनं, सलग राज्य झालं असतं. दुसरा म्हणतो, मग ते सोमाली राहिलेच नसते. दोघांनीही धर्माला साचा मानलंय आणि माणसांना ओली माती. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. त्या भूमीवर टिकायचं तर धर्मालाच सोमाली व्हावं लागलं असतं, आणि तसा तो झाला असता तर आजचं चित्र आपण समजतो त्यापेक्षा फार कमी बदललं असतं.

सुरुवात राजापासून करू. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-पुस्तिकेत सोमाली किनाऱ्यावरची बंदरं एकामागून एक येतात. मलाओ म्हणजे आजचं बर्बेरा, ओपोने म्हणजे हाफून. भडोचहून आणि ‘अरियाके’हून, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून, तिथे गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसापासूनचा ‘मध’ जात असे. या यादीपेक्षा तिथलं एक छोटं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. या किनाऱ्याला एक राजा नाही, प्रत्येक बंदराचा आपला वेगळा प्रमुख आहे. अक्सुमची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध. टायरचा फ्रुमेंतियस राजदरबारी पोचला, अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने त्याला बिशप केलं, राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि नाण्यावरची चंद्रकोर जाऊन क्रूस आला. एक माणूस वळला आणि त्याच्यामागे राज्य वळलं, लोक सावकाश शतकभरात आले. सोमाली किनाऱ्यावर कोणाचं नाणं बदलणार होतं?

राजा नसेल तर धर्म खालून यावा लागतो. विहिरीवरून, कुळातून, वडीलधाऱ्यांच्या बैठकीतून. आणि तिथे खरी अडचण सुरू होते, ती दुधाची.

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामान्य भाविकालाही वर्षाचे साधारण एकशे ऐंशी दिवस उपास असतो. दर बुधवार, दर शुक्रवार आणि ईस्टरच्या आधीचे सलग पंचावन्न दिवस. त्या दिवसांत मांस नाही, अंडं नाही, लोणी नाही, दूध नाही. डोंगरावरच्या शेतकऱ्याला हे जमतं. त्याच्याकडे तेफ या धान्याची भाकरी आहे, मसूर आहे, वाटाण्या-हरभऱ्याच्या पिठाचं कालवण आहे. त्याचं उपासाचं ताट भरलेलं असतं. आता सोमाली पठारावरचा जिलाल आठवा. डिसेंबर-जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंतचा कोरडा काळ. गवत संपलेलं, शेळ्या-मेंढ्या आटलेल्या, पाणी चार-पाच दिवसांच्या वाटेवर. त्या दिवसांत माणूस जगतो तो उंटिणीच्या दुधावर, कधी कधी फक्त दुधावरच. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास नेमका याच काळाच्या शेपटाला येतो. जे एकच अन्न हाताशी आहे तेच वर्ज्य, असं सांगणारा धर्म त्या माणसाने कसा पाळावा? चौथ्या-सहाव्या शतकात उपासाचे नियम आजच्याइतके बांधीव नसतील, पण त्यांची दिशा तीच होती. रमजानमध्ये सूर्य मावळला की दूध पिता येतं. महिना चंद्राबरोबर सरकत राहतो, दर वर्षी जिलालमध्येच येत नाही. आणि प्रवासात असलेल्याला तो रोजा नंतर भरून काढण्याची मुभा आहे. ज्याचं आयुष्यच प्रवास आहे त्याला ही मुभा किती मोठी वाटली असेल!

बाकी गोष्टीही तशाच. चर्चला वेदी लागते, गव्हाची भाकर लागते, द्राक्षं किंवा निदान मनुका लागतात, आणि पाद्रीला दीक्षा द्यायला बिशप लागतो. इथिओपियाचा मुख्य बिशप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इजिप्तहून येत असे. एक वारला की दुसरा पोचेपर्यंत वर्षं लोटत. इस्लामला त्या वाळवंटात एक वदाद, म्हणजे फिरता धर्मशिक्षक, पुरला. काखेत लाकडी पाटी, तिला म्हणतात लोह. कोळशाची शाई, झाडाखाली बसलेली पाच-दहा पोरं. शेख युसूफ अल-कौनैन यांना तर याचंही श्रेय दिलं जातं की अरबी अक्षरांच्या स्वरखुणांना त्यांनी सोमाली नावं दिली. मग पोरं परक्या भाषेतला पाठ आपल्या भाषेतून शिकू लागली. पाणी नसलं तर वाळूने वजू चालतो. वस्ती हलली की बायका झोपडी उतरवतात, तिच्या वाकवलेल्या काठ्या उंटाच्या पाठीवर उभ्या बांधतात, त्यावर चटया, दुधाच्या विणलेल्या घागरी, आणि त्या सामानात कुठेतरी ती पाटी. धर्म उंटावर लादता आला. माझ्या मते सोमालींच्या धर्मांतराची निम्मी गोष्ट एवढीच आहे. उरलेली निम्मी एडनच्या बाजारपेठेची आणि मोसमी वाऱ्याची.

मग ख्रिस्ती धर्म उंटावर लादताच आला नसता का? आला असता, आणि याला पुरावा आहे. पाचव्या शतकात पॅलेस्टाइनच्या वाळवंटात अस्पेबेतोस नावाचा अरब टोळीप्रमुख आपल्या लोकांसह ख्रिस्ती झाला. त्याला बिशप केलं गेलं ते ‘छावण्यांचा’ बिशप म्हणून, आणि ४३१ च्या एफिससच्या धर्मपरिषदेत तो हजरही होता. त्याच्यामागे गाव नव्हतं. तंबू हाच त्याचा धर्मप्रांत. असा एखादा माणूस बर्बेराच्या मागच्या पठारावर निघाला असता तर? मला वाटतं, सोमाली ख्रिस्ती धर्म त्याच्या तंबूतून उभा राहिला असता. दुधाला उपासात सूट मिळाली असती. वेदीऐवजी एखाद्या संताची कबर आणि तिथे वर्षातून एकदा जमणारी कुळं. आज दारोद आणि इसाक ही मोठी कुळं आपला मूळपुरुष अरबस्तानातून आलेला शेख मानतात. त्या दुसऱ्या इतिहासात तो सिरियाहून आलेला, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला जोगी झाला असता. कुळं तीच राहिली असती. विहिरीही त्याच. खून झाला तर शंभर उंटांची भरपाई देऊन वैर मिटवणारा ‘हेर’, म्हणजे कुळांमधला परंपरागत कायदा, तोही तोच. या कायद्यात आजही शरियतच्या बरोबरीने आणि कधी कधी तिच्याही आधी जुन्या वडिलोपार्जित करारांना मान आहे. इस्लामने जे पुसलं नाही ते क्रूसाने पुसलं असतं असं मानायला मला काही आधार सापडत नाही.

असा धर्म टिकला असता का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर शेजारीच आहे, आणि ते दुःखद आहे. १५४२ मध्ये गोव्याला येताना फ्रान्सिस झेवियर सोकोत्राला थांबला होता. तिथल्या लोकांना आपल्या ख्रिस्तीपणाचा अभिमान होता, असं त्याने कळवलं. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांचे पुजारी ज्या प्रार्थना तोंडपाठ म्हणत त्यांची भाषा त्यांनाही समजत नव्हती. पुढच्या शे-दीडशे वर्षांत तो धर्म बेटावरून नाहीसा झाला. कल्याणच्या बिशपाचं काय झालं? १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. ते तिथल्या एका जुन्या, पूर्वेकडच्या पंथातल्या ख्रिस्ती घरात उतरले होते. म्हणजे तोवर काही घरं होती. पोर्तुगीज वसईत आले तेव्हा मात्र त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. नाईलकाठचं नूबिया तर हजार वर्षांच्या आसपास ख्रिस्ती होतं, फरसच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर अप्रतिम चित्रं होती. तीही वाळूखाली गेली आणि आस्वान धरणाचं पाणी चढण्याआधी १९६० च्या दशकात पोलिश संशोधकांनी ती बाहेर काढली. केरळात हाच धर्म टिकला. तिथे नवव्या शतकातल्या कोल्लमच्या ताम्रपटाने चर्चला जमीन आणि हक्क दिले होते, आणि समाजाच्या उतरंडीत ख्रिस्ती लोकांची जागा ठरून गेली होती. ज्या बंदरात धर्म फक्त व्यापाऱ्यांचा राहिला, तिथे व्यापाऱ्यांचे मार्ग बदलले की तोही गेला.

सोकोत्राची ती न समजणारी प्रार्थना मला फार अस्वस्थ करते, कारण झेवियर तिथून निघून आला तो आपल्या किनाऱ्यावर. आणि त्याच गोव्यात १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ओव्यांमधलं क्रिस्तपुराण छापून झालं. धर्म समुद्रावरून आला, पण तो इथल्या लोकांच्या छंदात शिरला. सोमाली ख्रिस्ती धर्माबद्दल मला खरोखर हळहळ वाटते ती इथेच. जुनी नूबियन भाषा ख्रिस्ती धर्माबरोबर ग्रीक-कॉप्टिक अक्षरांत लिहिली जाऊ लागली, अक्सुमच्या गेएझ भाषेत बायबल उतरलं. तसं घडलं असतं तर सोमाली भाषेलाही हजारभर वर्षं आधी लिपी मिळाली असती, ही शक्यता मोठी आहे. प्रत्यक्षात सरकारी लिपी ठरली २१ ऑक्टोबर १९७२ ला, रोमन अक्षरांत. पुढे १९७४ मध्ये शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थ्यांना भटक्या वस्त्यांवर शिकवायला पाठवलं गेलं. त्याआधीच्या शतकांचं ‘गबय’, ते एकाच अक्षराचा अनुप्रास ओळीओळींतून सांभाळणारं दीर्घ काव्य, सगळं स्मरणावर चाललं. किती हरवलं असेल याचा विचार केला की जीव हळहळतो. पण हेही खरं की अनुप्रासाची ती कडक शिस्त पाठांतरासाठीच घडली होती. लिपी हाती आली असती तर ती शिस्त सैल झाली असती का? मला दोन्ही हवं आहे आणि इतिहासाकडे दोन्ही मागता येत नाही.

आता युद्धांकडे येतो. कारण ‘ख्रिस्ती झाले असते तर शेजाऱ्यांशी वैर झालं नसतं’ हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो. सोळाव्या शतकात अदाल या मुस्लिम सल्तनतीच्या इमाम अहमद गुरेने इथिओपियाचं पठार जवळजवळ जिंकून घेतलं. १५२९ मध्ये शिंब्रा कुरेची लढाई त्याने मारली आणि १५४३ मध्ये तो रणात पडला. त्याला अडवायला गेलेली चारशे पोर्तुगीजांची तुकडी १५४१ मध्ये गोव्याहून निघालेल्या आरमारातली होती, आणि तिचा सेनापती क्रिस्तोवाव हा वास्को द गामाचा मुलगा. क्रूस विरुद्ध चंद्रकोर असं हे चित्र डोळ्यांत भरतं खरं. पण त्याखाली झैला बंदरातून पठाराकडे चढणारी वाट आहे, मीठ आहे, गुलाम आहेत, खंडणी आहे आणि कुरण आहे. आणि ऐंशीच वर्षांनी काय झालं ते पाहा. गोव्यामार्गे आलेल्या जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या सल्ल्याने सम्राट सुसन्योसने १६२२ मध्ये कॅथलिक पंथ घेतला आणि ख्रिस्ती इथिओपियात ख्रिस्ती माणसंच एकमेकांवर तुटून पडली. १६३२ मध्ये त्याने गादी सोडली आणि मुलाने जेझुइटांना हाकललं. सोमाली लोकांना धर्म सोकोत्रामार्गे पर्शियाहून मिळाला असता तर पठारावरच्या चर्चच्या लेखी ते वेगळ्या पंथाचे, म्हणजे पाखंडीच ठरले असते.

अगदी अलीकडचं घ्या. १९७७ मध्ये इथिओपियातल्या ओगादेन या सोमाली वस्तीच्या प्रदेशावरून सोमालिया आणि इथिओपिया लढले, तेव्हा दोन्ही सरकारं स्वतःला समाजवादी म्हणवत होती आणि दोघांचा आधार मॉस्को होता. मॉस्कोने बाजू बदलली, क्युबाचं सैन्य आलं, माणसं मेली. १९९१ नंतर सोमालियात जे घडलं त्यात मारणारे आणि मरणारे एकाच धर्माचे, एकाच मजहबचे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एकाच परंपरेचे, आणि एकाच भाषेचे होते. २०२० ते २०२२ या काळात इथिओपियाच्या तिग्राई प्रांतात, खुद्द अक्सुमच्या प्रदेशात, एकाच चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसं एकमेकांना मारत होती. पठार आणि सखल भाग यांच्यातली रेघ पावसाने आखली आहे. जिथे पीक येतं आणि जिथे फक्त गवत येतं, त्यांच्या सीमेवर भांडण होतं, आणि धर्म त्या भांडणाला झेंडा देतो.

युरोपने तरी ख्रिस्ती सोमालींना वेगळं वागवलं असतं का? काँगोच्या राजाने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, त्याचे वंशज पोपकडे वकील पाठवत होते. १६६५ मध्ये म्ब्विलाच्या रणात पोर्तुगिजांनीच त्या राज्याचा कणा मोडला. सोमाली लोकांना ख्रिस्ती धर्म प्रत्यक्षात भेटला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गलबतावरच्या तोफेच्या मागून. त्यांची भूमी ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच आणि इथिओपियन अशा चौघांत वाटली गेली. सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन वीस वर्षं लढला, आणि १९२० मध्ये ब्रिटिशांनी विमानांतून बाँब टाकून त्याचे किल्ले पाडले. मोगादिशूचं कॅथेड्रल १९२८ मध्ये इटालियनांनी बांधलं. १९८९ मध्ये त्याच कॅथेड्रलमध्ये मिस्सा चालू असताना बिशप कोलोम्बो यांचा खून झाला. पुढे यादवीत ती इमारतही ढासळली. तो खून हे निव्वळ क्रौर्य होतं आणि त्याचं कसलंच समर्थन होऊ शकत नाही. पण राज्यकर्त्याच्या बुटांबरोबर आलेला धर्म आणि छावणीतल्या बिशपाचा धर्म यांत किती अंतर आहे, हे त्या पडक्या भिंतींकडे पाहून समजतं. कोंढव्याच्या त्या बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या मनात यातलं काहीच नव्हतं. त्या मुलाच्या मनात बहुधा सगळं होतं.

इस्लामच्याही आधी सोमाली लोक, त्यांच्या शेजारच्या ओरोमोंसारखेच, ‘वाक’ नावाच्या आकाशदेवाला मानत. तो देव भाषेत अजून जागा धरून आहे. समृद्धी, चांगला पाऊस झालेला सुकाळ, याला सोमालीत शब्द आहे ‘बरवाको’, आणि त्यात वाक आहे. आबुदवाक नावाचं गाव आहे. केनिया-सोमालिया सीमेवर एल वाक आहे, म्हणजे वाकची विहीर. क्रूस आला असता तरी ही नावं बहुतेक अशीच राहिली असती. एल वाकच्या आसपास २००४-०५ मध्ये गरे आणि मरेहान या दोन कुळांत रक्त सांडलं. दोन्ही मुसलमान. वाद होता हद्दीचा, सत्तेचा आणि पाण्याचा.